अर्धी बाज

लाखोरीची भाजी खुडायला गेलेली बाई घरी काय आणते? ओटीभर भाजी, हिरवी झालेली बोटं आणि दुखरी कंबर. धुरपता त्या दिवशी याहून जास्त काही आणायला निघालीच नव्हती. गोंदिया तोडून वेगळा जिल्हा केला, त्याच्या पुढल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. नाताळ जवळ आला होता. बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, धान कापून झाला होता, भाऱ्यांचे पुंजणे रचले होते, आणि कापल्या खुंटांमधून कोवळी लाखोरी वर आली होती. सिहोऱ्याकडच्या त्या गावात या दिवसांत दुपार कलली की बांधीत पाच-सात बायका वाकलेल्या दिसायच्याच. पण त्या दिवशी गावात तेरवीचं जेवण होतं, म्हणून कोणी आलं नव्हतं. धुरपता आली आणि तिच्या मागं उड्या मारत तिची नात आली, रुपा. पहिलीत जाणारी, लाल स्वेटर घातलेली, आणि तोंडाला क्षणाची उसंत नसलेली.

या म्हातारीची एक गंमत होती, ती आधी सांगून टाकतो. गावात ती धुरपता, पण बाप्तिस्म्याचं नाव अगाथा. लहानपणी टायफॉईडनं पार मरायला टेकली होती, तेव्हा तिच्या आईनं तिला मिशनच्या दवाखान्यात नेऊन टाकलं आणि ती उठून बसेपर्यंत तिथंच भांडी घासली, कपडे धुतले. पुढं मायलेकी दोघींनी बाप्तिस्मा घेतला. गावात असं हे एकच घर. अगाथा हे नाव गावाच्या जिभेवर काही बसलं नाही. कोणी आगता म्हणे, कोणी अगत्या, पोरं तर आगपेटी म्हणून पळत. शेवटी तिनंच नाद सोडला. भंडाऱ्याहून महिन्याकाठी मोटरसायकलवर येणारे फादरसुद्धा तिला धुरपताबाईच म्हणत. ते नाव नीट घेणारी एकच, दवाखान्यातली सिस्टर बेनिग्ना. तिला जाऊन वर्षं लोटली होती.

त्या सिस्टरनं तापातल्या पोरीला एक गोष्ट सांगितली होती. जन्मलेल्या प्रत्येक जीवामागं देव एक दूत लावून देतो. राखणदार. तो दिसत नाही, पण बाजूलाच असतो. आणि बाजूलाच असतो तर बसेल कुठं? म्हणून त्याच्यासाठी जागा सोडायची. धुरपतानं हे असं मनावर घेतलं की उभा जन्म ती अर्ध्या बाजेवर झोपली. नवरा होता तोवर म्हणायचा, "तुह्या दूतापायी मले खाली घोंगडीवर झोपा लागते." रुपाही आता शाळेत बस्करावर अर्धी जागा सोडून बसायला लागली होती, आणि त्यावरून गुरुजींनी अंकुशला, म्हणजे धुरपताच्या पोराला, रस्त्यात थांबवून विचारलंही होतं.

एक प्रार्थनाही होती. सिस्टरची प्रार्थना पुस्तकी मराठीत होती, धुरपतानं तिला आपल्या बोलीत बसवली. अर्धी आजीनं म्हणायची, अर्धी नातीनं. "देवाच्या दूता, राखनदारा, माह्या संगं चाल," असं आजीनं म्हटलं की रुपा पांघरुणातून म्हणायची, "दिवा धर, हात धर, मले घरी नेऊन घाल." हे सगळं हळू आवाजात, ओठातल्या ओठात चालायचं. कारण एकदा शेजारची शकुबाई आजारी असताना धुरपता उशाशी बसून मोठ्यानं म्हणायला गेली आणि शकुबाईच्या सुनेनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. "म्हातारी अजून जित्ती हाये, अन् तुमी दूत बोलावून राहिल्या?" गावाला दूत एकच माहीत, यमाचा. समजावून कोणाला सांगणार? तेव्हापासून तिनं आवाज खाली घेतला तो घेतलाच.

आता दुसरी गोष्ट. ही सिस्टरची नव्हे, धुरपताच्या आईची. दिवेलागणीच्या वेळी, सुनसान जागी कोणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. माणूस असेल तर समोर येईल. ओ दिली की जीव त्या आवाजामागं जातो. हेही धुरपतानं नातीला शिकवलं होतं. सिस्टर असती तर कान पिळला असता. पण म्हाताऱ्या माणसाच्या पोटात सगळं एकत्र सुखानं नांदतं, आणि त्यात बोडीचं प्रकरण ताजं होतं.

बोडी म्हणजे बांध्यांच्या वरच्या अंगाला असलेला तो लहानसा तलाव. मागच्या हिवाळ्यात मालनबाई तिथं दगडावर कपडे धुवायला गेली होती. पाळीवरून, बोडीच्या बांधावरून, गुरं नेणाऱ्यांनी तिला कोणाला तरी ओ देताना ऐकलं. "आली जी, आली," असं म्हणाली, घरच्या माणसाला म्हणावं तशी. तिथं दुसरं कोणी नव्हतं. नंतर दगडावर तिचे पिळलेले कपडे सापडले, आणि ती सापडली दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून त्या दगडावर बाया जाईनाशा झाल्या. बोडीबद्दल गावात कोणी काही बोलत नसे.

धुरपताची सून तृप्ती हिला यातलं काहीच पसंत नव्हतं. ती कारध्याची लेक, बारावी शिकलेली. माहेर बौद्ध. तिच्या बापानं भूत-प्रेत, देव-दूत यांना घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. ती सासूचं सगळं करायची, पण त्या सकाळीच स्वयंपाकघरात स्पष्ट बोलली होती. "आत्याबाई, पोरीच्या डोक्यात एक तर भूत भरवा, नाई तर दूत. दोन्ही घेऊन ती जगंल कशी?" तो सवाल घेऊनच ती बांधीत वाकली होती.

भाजी खुडता खुडता सूर्य पुंजण्यांच्या मागं गेला. बोडीवरून धुई, दाट धुकं, उतरायला लागली. आधी पाळ दिसेनाशी झाली, मग पाळीवरचे पळस. ओल्या तणसाचा, चिखलाचा आणि बोडीत सडणाऱ्या शिंगाड्याच्या वेलींचा वास जमिनीलगत पसरला. धुरपतानं पदराची गाठ मारली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "चाल वं रुपे."

मागं कोणी नव्हतं.

"रुपे."

मघापर्यंत एक टिटवी ओरडत होती, तीही गप्प झाली होती. धुरपता पुंजण्याभोवती फिरली. नाली पाहिली. धुऱ्यावर चढून हाका मारल्या, घसा ताणून. धुई हाक गिळून टाकत होती. मग तिच्या मनात मालनबाई आली, आणि म्हातारी ओटीतली भाजी तिथंच सांडून गावाकडं पळत सुटली. त्या वयात ती कशी पळाली ते तिचं तिलाच ठाऊक.

अंकुश राईस मिलमधून नुकताच आला होता. तो बॅटरी घेऊन निघाला, शेजारचा सेवकराम कंदील घेऊन निघाला, आणि तृप्ती अनवाणीच निघाली. बाकीचा गाव तेरवीच्या पंगतीत होता, निरोप पोचेपर्यंत थांबायला कोणाला धीर नव्हता. बोडीच्या पाळीवर पोचेपर्यंत अंधार पडला होता. बॅटरीचा उजेड धुईत हातभर जाऊन पांढरा होई आणि तिथंच थांबे.

"रुपा..." अंकुशनं हाक मारली.

"रुपा, बेटा... रुपे..." तृप्तीचा आवाज तिसऱ्या हाकेलाच फाटला.

खाली पाण्यात काहीतरी डुबुक् वाजलं. सगळे थांबले. सेवकरामनं कंदील खाली धरला आणि हळूच म्हणाला, "मासोळी असंल..." पण तो पाण्याकडंच बघत राहिला. अंकुश चपला काढायला लागला, तेव्हा सेवकरामनं त्याचा दंड धरला. "थांब जरा, गड्या. खाली गाळ हाये. दिसून काही नाई राहिलं."

तृप्ती पुन्हा पुन्हा हाका मारत होती. आणि त्या हाका ऐकता ऐकता धुरपता पाळीवरच खाली बसली. तिला कळलं होतं. पोरगी बुडाली नसेल. पोरगी इथंच कुठं तरी असेल, तोंड दाबून बसली असेल, आणि तिची माय जितकी नावानं हाक मारेल तितकी ती गप्प राहील. दिवेलागणीची वेळ, सुनसान जागा, नावाची हाक. तिला शिकवलं तसंच ती करत होती.

"तृप्ती," धुरपता म्हणाली, "थे ओ नाई देनार."

"काहून?"

"म्याच सांगतलं तिले... नावानं कोनी बोलावलं त ओ देऊ नोको म्हनून."

कंदिलाच्या उजेडात तृप्तीनं सासूकडं पाहिलं. ते पाहणं धुरपताला मरेपर्यंत पुरणार होतं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पण तृप्ती खाली बसली, तिनं म्हातारीचे दोन्ही हात धरले. "मंग नावानं नोका बोलावू," ती म्हणाली. "दुसरं कसं बी बोलवा. थे तुमचंच आयकते, आत्याबाई. माह्याकून नाई होत आता..."

धुरपता उठली. बोडीकडं तोंड करून उभी राहिली. "देवाच्या दूता..." तिनं सुरू केलं, पण आवाज ओठाबाहेर येईना. वर्षानुवर्षं खाली दाबलेला आवाज असा वेळेवर थोडाच वर येतो.

"काकी," सेवकराम कुजबुजला, "या वक्ताले, या जागी... दूताचं नाव कायले घेता?"

"माहा दूत येगळा हाये, सेवकराम," म्हातारी म्हणाली. तिनं छाती भरून घेतली आणि सगळ्या बोडीला ऐकू जाईल अशी म्हटली.

"देवाच्या दूता, राखनदारा, माह्या संगं चाल..."

काही नाही. पाण्यावरून गार वारा आला. तृप्तीनं तिचा पदर मुठीत धरला होता. धुरपतानं पुन्हा म्हटलं, आता रडत, तरी शब्द न मोडता.

"देवाच्या दूता, राखनदारा, माह्या संगं चाल..."

आणि पलीकडून, धुईतून, बारीक आवाज आला.

"दिवा धर... हात धर... मले घरी नेऊन घाल..."

रुपाचा आवाज. यात शंका नाही. पण चौघांनीही ऐकलं, आणि पुढं चौघंही यावर एकमेकांशी कधी बोलले नाहीत, की तो आवाज एकटा नव्हता. पोरीच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. बाईचा नाही, पुरुषाचा नाही, खोल आणि सावकाश. लहान पोराला पाठ करून देताना मोठं माणूस त्याच्याबरोबर म्हणतं, तसा तो शब्दाला शब्द जोडून चालला होता. रुपा 'घाल'वर थांबली. तो आवाज क्षणभर मागून थांबला.

अंकुश पाळीवरून धावत सुटला. बाकीचे त्याच्यामागं, पडत-झडत. बोडीच्या पलीकडच्या काठावर, मोहाच्या झाडाखाली, मालनबाईच्या त्या दगडावर रुपा बसली होती. पाण्यापासून हातभर अंतरावर. दोन्ही पाय पोटाशी घेऊन, आणि दगडाच्या अगदी एका कडेला. बाजूची अर्धी जागा तिनं मोकळी सोडली होती.

तृप्तीनं तिला उचलून छातीशी धरलं आणि मग ती हुंदके देत रडली. अंकुश बायको-पोरीला दोघींना मिठीत घेऊन उभा राहिला. सेवकराम नाक ओढत दुसरीकडं पाहत होता. पोरगी म्हणत होती की ती पळसाची पानं आणायला आली होती, भाजीला द्रोण करायचा म्हणून, अन् मंग धुई आली, अन् वाट बुजली.

धुरपता टेकायला म्हणून दगडाकडं वळली आणि तिथंच थांबली. दव पडलं होतं. रुपाच्या केसांवर दव होतं, स्वेटरवर होतं, मोहाच्या पानांवरून ते टपटपत होतं, सगळा दगड काळा ओला झाला होता. फक्त ती मोकळी अर्धी जागा कोरडी होती. तिनं कंदील जवळ आणायला लावला. कोरडीच. तृप्तीनंही ते पाहिलं. तिनं एका हातानं पोरीला सांभाळत दुसऱ्या हाताचा तळवा त्या जागेवर ठेवला आणि तसाच ठेवून राहिली.

"गरम हाये," ती म्हणाली. एवढंच.

पाळीवरून परत येताना रुपा मायच्या खांद्यावरून मागं चालणाऱ्या आजीला म्हणाली, "आजी, तू पान्यातून कायले बोलावत होती?"

"मी कवा बोलावलं, माय? मी त बांधीत होती."

"नाई. पान्यात होती. 'रुपे, ये वं, इकडं पानी गरम हाये' म्हनली. तुहाच आवाज होता..." पोरगी जरा थांबली. "मी ओ देऊनच राहिली होती. मले वाटलं, आजीच हाये त काय होते. पन त्यानं माह्या तोंडावर हात ठेवला."

"कोनं?" तृप्तीनं विचारलं, न थांबता, पुढं बघत.

"तोच. आता माह्या संगं नाई का म्हनत होता तो."

सेवकरामनं कंदिलाची वात वाढवली आणि सगळे जरा जवळजवळ चालायला लागले. धुरपता सगळ्यांच्या मागं होती, पण तिला मागं असल्याचं भय वाटत नव्हतं. सकाळच्या सवालाचं उत्तर तिला मिळालं होतं. ते बोलून दाखवायची आता गरज उरली नव्हती.

घरी आल्यावर तृप्तीनं पोरीचे पाय शेकले, गरम भात भरवला. मग सातरी अंथरली, रुपाला भिंतीकडं निजवलं, आणि आपण तिच्या बाजूला आडवी व्हायच्या आधी ती जराशी घुटमळली. सातरीवर हात फिरवून तिनं मधे जागा केली. मग दारात बसलेल्या सासूला तिनं विचारलं, अगदी खालच्या आवाजात, पण खरंखुरं विचारलं. "आत्याबाई, एवढ्या जागेत मावंल का जी तो?"

"मावते," धुरपता म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला.

नाताळ झाला. फादर येऊन गेले, त्यांनी घरात प्रार्थना म्हटली, आणि तृप्तीनं पुऱ्या तळल्या. धुरपता आता आपली प्रार्थना मोठ्यानं म्हणायची, आणि गावानंही ते चालवून घेतलं. शकुबाईची सून तर एकदा तापलेलं पोर घेऊन आली आणि म्हणाली, "काकी, तुमचा तो येगळा दूत हाये ना, त्याचं म्हना बरं जरा."

आणि मग पौषातली एक संध्याकाळ. दिवे लागत होते. धुरपता अंगणात बाजेवर बसून शेंगा सोलत होती. अर्ध्या बाजेवर, अर्थातच. घरात रुपा पाढे म्हणत होती, तिचा आवाज खिडकीतून स्वच्छ येत होता. बे दुणे चार, बे त्रिक सहा. बांध्यांवरून धुई वर येत होती.

आणि बोडीच्या अंगानं हाक आली.

"आजी... ये ना वं, आजी..."

रुपाचा आवाज. घरात पाढे चालूच होते, आणि तरी तो रुपाचाच आवाज. लाडीगोडीचा, जरासा ओला. नातवंडाची हाक आली की आजीचं तोंड आपोआप उघडतं, त्याला ती तरी काय करणार? तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिच्या ओठांवर काहीतरी टेकलं. उबदार. हाताच्या तळव्याएवढं. बाजेची सुतळी दुसऱ्या अंगाला करकरली, कोणी येऊन बसल्यावर करकरते तशी, आणि तिच्या कानाशी कोणी तरी नाव घेतलं.

"अगाथा."

ना आगता, ना अगत्या. नीट. सिस्टर बेनिग्ना घ्यायची तसं, पण तिचा आवाज नव्हे. तो खोल, सावकाश आवाज तिनं एकदाच ऐकला होता.

बोडीला हे नाव माहीत नव्हतं. धुरपताला एवढं एक पटलं. ओठांवरचा हात सुटला. दिवेलागणीला आलेल्या हाकेला जन्मभर ओ न दिलेल्या त्या म्हातारीनं शेंगांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि हळूच म्हणाली, "ओ."

बाजूची जागा तशीच भरलेली राहिली. घरात रुपा बे दाहे वीसवर पोचली. बोडीकडं सगळं शांत झालं.

मग, बऱ्याच वेळानं, धुईच्या पलीकडून, पाण्याच्या काठानं, धुरपताच्याच आवाजाची नक्कल करत कोणी तरी म्हणालं, "ओ..."

धुरपतानं तिकडं पाहिलं नाही. ती जराशी सरकली, आपल्या बाजूची आणखी थोडी जागा सोडून, आणि बाज पुन्हा एकदा करकरली.